कोकणातल्या प्राथमिक शाळेत कला आणि सण: जूनपासून एप्रिलपर्यंत काय, कधी, कसं करावं

स्नेहसंमेलन जवळ आलं की बाजारातून थर्माकोल, चमकी आणि तयार मुखवटे येतात. शिक्षक रात्री जागून सजावट करतात आणि मुलं सकाळी येऊन ती नुसती बघतात. हे मला मनापासून खटकतं. कोकणात वाडीवाडीत हातात कला असलेली माणसं आहेत, साहित्य परसात पडलेलं आहे आणि श्रावणापासून शिमग्यापर्यंत सणांची रांग लागलेली असते. मुलाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गावातल्या वस्तूंनी, गावातल्याच जाणत्या माणसाकडून शिकून काही केलं तर ते त्याच्याजवळ राहतं. या लेखातली सगळी आखणी त्याच भरवशावर केलेली आहे.

जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची, पट वीस-पंचवीस आणि शिक्षक दोन अशी शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. शाळा मोठी असेल तर गट वाढवा, प्रकल्प वाढवू नका.

जून: आधी माणसं शोधा

शाळा उघडल्यावर पहिले पंधरा दिवस पावसाची झड असते, ओहोळ भरलेले असतात, हजेरीही पातळ असते. या दिवसांत एक वही करा. रकाने चार: काय येतं, कोणाला येतं, कोणत्या वाडीत, कधी मोकळे असतात. वही भरायचं काम मुलांचं. तिसरी-चौथीच्या मुलांनी घरी आणि शेजारी विचारायचं, पहिली-दुसरीच्यांनी चित्र काढून आणायचं.

विचारताना ‘तुम्ही कलाकार आहात का’ असं विचारलं तर सगळे नाही म्हणतात. म्हणून मुलांना नेमके प्रश्न द्या. माडाच्या झावळीचा झाप कोण विणतं? काथ्याचं सुंभ कोण वळतं? भजनात मृदंग कोण वाजवतं? जाळं कोण दुरुस्त करतं? जाखडी नाचाची गाणी कोणाला पाठ आहेत? गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, डोळ्यांची आखणी कोण करतं? जांभ्या दगडाचा चिरा कोण तासतं? असे प्रश्न घेऊन मुलं गेली की वही आठवड्यात भरते, आणि पोराच्या आजीचं नाव शाळेच्या वहीत लागलं की ती आजी वर्षभर शाळेची होते.

मग वर्षाचे चार प्रकल्प ठरवा, फार तर पाच. श्रावणात माती, भाद्रपदाच्या तोंडावर माटोळी (गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट), पाऊस सरल्यावर मैदानावरचं मोठं चित्र, हिवाळ्यात गोष्ट आणि नाटक, फाल्गुनात शिमगा, एवढं पुष्कळ झालं. बाकीचे दिवस साधेपणाने पाळा. प्रत्येक दिनविशेषाला काहीतरी बनवायचं ठरवलं की मुलं फक्त कागद कापत बसतात. शनिवारची सकाळची शाळा या कामांना सोयीची पडते.

ठरवलेली यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच बैठकीत मांडा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. मुलांना सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, किंवा किनाऱ्यावर न्यायची परवानगी, सोबत कोण येणार, कोणाच्या घरून काय मिळेल, हे तिथेच बोलून घ्यावं.

साहित्य: काय गोळा करावं, काय लांब ठेवावं

करवंट्या, सोडणं (नारळाची सालं), काथ्या, हीर (झावळीच्या पात्यांच्या काड्या), नारळाची पोय (फुलोऱ्यावरचं होडीसारखं आवरण), पोफळीची विरी (झावळीच्या बुडाचं रुंद आवरण), तिसऱ्यांचे शिंपले, बांबूच्या कामट्या, जुनी लुगडी, वर्तमानपत्रं. विकत आणायचं ते एवढंच: सुतळी, बाभळीचा डिंक, कार्डशीट, पतंगाचा कागद, पांढरी रांगोळी, चार चांगल्या कात्र्या.

कोकणातली खरी अडचण बुरशीची आहे. जुलैत ठेवलेला पुठ्ठा ऑगस्टमध्ये हिरवा होतो. पोषण आहार शिजतो त्या खोलीत चुलीच्या वर बांबूची एक मांडणी करून घ्या आणि कामट्या, विऱ्या, कागद तिथे ठेवा. आधी स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विचारा, कारण ती खोली त्यांची आहे. शिंपले मात्र आणल्याबरोबर उकळून, घासून, उन्हात किंवा धगीला वाळवल्याशिवाय आत घेऊ नयेत. राहिलेल्या मांसाचा वास महिनाभर जात नाही.

तीन गोष्टी मुलांच्या हातात पडू देऊ नका. काजूच्या बीचं टरफल, कारण त्यातलं तेल कातडी जाळतं. बिबा, त्याच कारणासाठी. आणि कुंपणातली खाजकुयली, जिच्या मखमली शेंगा लहान मुलांना हमखास खुणावतात. सोडणांच्या ढिगात विंचू असतो, तेव्हा ढीग मोठ्या माणसाने उपसायचा.

रंग घरचा

वर्षाच्या सुरुवातीलाच रंग करून ठेवला तर पुढची सगळी कामं सोपी जातात. तांबड्या मातीचा रंग सगळ्यात टिकाऊ, आणि तो करताना मुलं इतकं काही शिकतात की यासाठी दोन शनिवार द्यायला हरकत नाही.

रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथली, पालापाचोळा नसलेली माती आणा. वाळवून बत्त्याने कुटा आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळा. बादलीत एक भाग माती आणि चार भाग पाणी घालून हाताने ढवळा. ढवळणं थांबवलं की मुलांनी मोठ्याने पन्नासपर्यंत आकडे म्हणायचे. तेवढ्यात रेती तळाला बसते. मग वरचं तांबडं पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बादलीत ओतून घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी वर निवळ पाणी येतं. ते काढून टाकलं की तळाशी लोण्यासारखा साका राहतो, तोच रंग. ताटात पसरून वाळवा, बरणीत भरा. कागदावर लावायच्या आदल्या दिवशी बाभळीचा डिंक दुप्पट पाण्यात भिजत घाला. दोन चमचे रंगाला एक चमचा डिंकपाणी. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि तडकतो. मुलांना दोन्ही करून बघू द्या, मग प्रमाण सांगावं लागत नाही.

काळ्यासाठी करवंटीचा कोळसा वाटून घ्यावा. पांढऱ्यासाठी भिजवलेल्या तांदळाची पेस्ट. हळदीचा पिवळा सुंदर दिसतो, पण उन्हात लवकर उडतो, म्हणून भिंतीवर वापरू नका. परसात शेंदरीचं झाड असेल तर बियांवरून नारिंगी मिळतो. गोकर्णीच्या निळ्या फुलांचं पाणी काढून त्यात लिंबाचे थेंब टाकले की रंग जांभळा होतो, हे दाखवल्यावर वर्गात जो गलका होतो तो होऊ द्यावा. चुनखडीचा चुना वापरायचा मोह टाळा. डोळ्यांत गेला तर इजा होते.

श्रावण: नागपंचमीपासून गणपतीपर्यंत माती

नागपंचमी आणि गणेश चतुर्थी यांच्यात साधारण महिना असतो. मातीकाम शिकवायला हा महिना पुरतो. सुरुवात नागापासून करा. कोकणात घरोघरी नागपंचमीला मातीचा नाग पुजला जातो, त्यामुळे मुलांनी तो पाहिलेला असतो आणि आकारही सोपा आहे: एक लांब वळी, तिचं वेटोळं, वर चपटी फणी. वळी सगळीकडे सारखी जाड यावी म्हणून तळहाताने नव्हे, बोटं पसरून वळायची. पहिलीच्या मुलांना एवढंच द्या.

नंतरच्या आठवड्यात जवळच्या गणपतीच्या शाळेत मुलांना घेऊन जा. रायगडातलं पेण मूर्तींसाठी नावाजलेलं आहेच, पण दक्षिणेकडेही बहुतेक मोठ्या गावात मूर्तिकाराची एखादी पडवी या दिवसांत मूर्तींनी भरलेली असते. तिथे मुलांना दोनच गोष्टी बघायला सांगा: मूर्तिकार हात आणि सोंड अंगाला कशी जोडतात, आणि ओली मूर्ती कुठे ठेवतात. माती त्यांच्याकडूनच किंवा कुंभाराकडून घ्यावी आणि तिचे पैसे द्यावेत. कारागिराकडून शाळेने फुकट मागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाच-सहा इंचांच्या मूर्तीला साधारण पाऊण किलो माती लागते. रात्रभर ओल्या गोणपाटात ठेवलेली माती सकाळी कणकेसारखी तिंबून घ्या, आतली हवा गेली पाहिजे. क्रम असा: आधी पाट, मग मांडी घातलेले पाय, त्यावर पोटाचा गोळा, मग डोकं, आणि शेवटी हात, कान, सोंड. जोडताना दोन्ही बाजू काडीने खरवडायच्या, मधे चिखलाचा पातळ लगदा लावायचा आणि दाबून धरायचं. हे केलं नाही तर वाळताना सोंड गळून पडते आणि मूल रडकुंडीला येतं. पहिला दिवस सोंड आणि हातांवर ओलं फडकं ठेवा, म्हणजे बारीक भाग पोटाच्या आधी वाळून तडकणार नाहीत. पुढे आठ-दहा दिवस सावलीत. चुलीजवळ अजिबात ठेवायच्या नाहीत. रंग आपणच केलेले लावायचे.

ज्या घरात गणपती नसतो त्या घरचं मूल याच मातीचा बैल, होडी, हत्ती, जे हवं ते करील, आणि ते काम त्याच फळीवर त्याच मानाने मांडलं जाईल. मुलांना हे पहिल्या दिवशीच सांगावं, नंतर सवलत दिल्यासारखं सांगू नये. शाळेतल्या मूर्तीचं विसर्जन बादलीत करा. खाली बसलेला चिखल गाळून ठेवला की पुढच्या वर्षीची माती तयार असते.

मधे नारळी पौर्णिमा येते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि पारंपरिक मच्छीमार तर दर्याला नारळ दिल्यावरच होडी लोटतात. किनाऱ्यावरच्या शाळेने या आठवड्यात एखाद्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, बोलवावं. त्यांनी दोन गाठी शिकवाव्यात आणि जाळ्याचा एक हात विणून दाखवावा. मुलांनी नारळाच्या पोयीची होडी करून, रंगवून, नाव घालून ती पाण्यात सोडून बघावी. एका अंगाला कलली तर खाली कुठे आणि किती खडे ठेवायचे हे त्यांनाच शोधू द्या. पाणी म्हणजे शाळेच्या अंगणातलं घमेलं. उधाणाच्या दिवसांत किनाऱ्यावर नेऊ नका.

माटोळीची भिंत

सिंधुदुर्गात गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, फुलं, पानं बांधतात. कुठे माटोळी म्हणतात, कुठे माटवी. हिरव्या सुपारीचा शिपटा (घड), नारळांचा घड, चिबूड, तवसं (मोठी काकडी), कवंडळ, तिरफळांचे घोस, शेरवडाची पांढरी पानं, आंब्याचे टाळे. शाळेत या सगळ्याची चित्रांची माटोळी करायची.

गणपतीची सुट्टी लागायच्या आठवडाभर आधी, रान ओळखणाऱ्या एखाद्या काकांबरोबर किंवा आजीबरोबर मुलांनी एक फेरी मारायची. प्रत्येक वस्तूचा एकच नमुना आणायचा. वर्गात तो समोर ठेवून बघून चित्र काढायचं, आठवणीने नाही. पानाची शीर कुठून निघते, देठ कुठे चिकटतो, फळावर रेघा किती, हे बघायला लावणं हाच या प्रकल्पाचा गाभा. कार्डाच्या मागे तीन ओळी: आमच्या वाडीत याला काय म्हणतात, कुठे मिळतं, खातात का. मग बांबूची चौकट छताला टांगून कार्डं सुतळीने लोंबत सोडायची.

‘खातात का’ ही ओळ जिवाशी निगडित आहे. माटोळीत कळलावीचं फूल असतं, आणि कळलावीचं सगळं झाडच विषारी, कंद तर फारच. कवंडळ दिसायला लालभडक असलं तरी पोटात गेलं तर त्रास होतो. या कार्डांना काळी किनार द्यायची आणि नमुने झाल्यावर हात साबणाने धुवायचे.

मैदानावर कातळशिल्प

वर्षातला सगळ्यात मोठा आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रकल्प हा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली हजारो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी आणि कुडोपी ही त्यांतली स्थळं, आणि गोव्यातलं एक, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांची किती तरी चित्रं कोरलेली आहेत. मोठ्यांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर असतं. म्हणजे हा हत्ती त्यात मावत नाही. हे मुलांना आकड्यांत सांगून समजत नाही, पावलांनी मोजून दाखवावं लागतं.

दिवाळीनंतर गवत वाळलं की जवळच्या एखाद्या स्थळाला सकाळी जा. आठच्या आत पोचा, कारण सड्यावर सावली नसते आणि तिरप्या उन्हात कोरलेल्या रेषा ठळक दिसतात. नियम दोनच. रेषेवर पाय द्यायचा नाही. आणि फोटो चांगला यावा म्हणून खडूने, दगडाने, कशानेही रेषा गिरवायची नाही. मुलांनी बसून एकेक आकृती वहीत काढायची आणि दोरीने लांबी-रुंदी मोजायची.

शाळेत आल्यावर एक आकृती निवडा. पहिल्यांदा करत असाल तर मासा किंवा माणूस घ्या, हत्ती पुढच्या वर्षी. वहीतल्या चित्रावर एक सेंटिमीटरचे चौकोन आखा, समजा दहा बाय दहा. मैदानावर त्याच एका चौकोनाची बाजू साठ सेंटिमीटर ठेवली तर चित्र सहा मीटरचं होतं.

मैदानावरचा पहिला कोन काटकोन असला पाहिजे, नाहीतर सगळी जाळी तिरकी जाते. सुतळीला बारा सारख्या अंतरांवर गाठी मारा आणि टोकं जोडा. तीन मुलांनी ती अशी ताणायची की एका बाजूला तीन अंतरं, दुसऱ्या बाजूला चार, तिसऱ्या बाजूला पाच. तीन आणि चारच्या मधला कोपरा म्हणजे काटकोन. गवंडी घराचा पाया आखताना हेच करतात, तेव्हा वहीत नाव असलेल्या गवंडीकाकांनाच या दिवशी बोलवा. मुलं त्यांचं ऐकतात, आणि आपलं काम शाळेत शिकवलं जातंय याचा त्यांना आनंद होतो.

कोपऱ्यांना खुंट्या ठोका, सुतळीने जाळी पुरी करा. उभ्या ओळींना क, ख, ग आणि आडव्यांना १, २, ३ अशी नावं द्या. आता दोन-दोन मुलांची जोडी, एक मोठं एक लहान, आणि प्रत्येक जोडीला पाच-सात चौकोन. वहीतल्या चौकोनात रेषा कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते ते बघायचं आणि मैदानावरच्या चौकोनाच्या काठावर त्याच ठिकाणी खडा ठेवायचा. सगळ्यांचे खडे ठेवून झाले की शेजारच्या जोडीशी ते जुळतात का बघायचं. न जुळलेल्या ठिकाणी दोन्ही जोड्यांनी वही समोर धरून ठरवायचं. इथे शिक्षकाने मधे पडू नये. मग खड्यांमधून पांढऱ्या रांगोळीने रेषा ओढायची आणि रेषेवर उकळून वाळवलेले शिंपले पालथे मांडत जायचं. तिसऱ्यांची कालवणं घरोघरी होतात, महिनाभर शिंपले साठवले तर सहा मीटरच्या आकृतीला पुरतात.

मोजणीला एक शनिवार आणि चित्राला दोन लागतात. झाल्यावर जाळी काढा आणि मुलांना कठड्यावर किंवा जिन्यावर उभं करून वरून दाखवा. जवळून नुसते शिंपले दिसत असतात, वरून मासा दिसतो.

दिवाळीचा कंदील, नाताळचा तारा

दिवाळीत शाळा बंद, तेव्हा कंदील सुट्टीच्या आधी. त्याच मापात नाताळचा ताराही होतो, म्हणून मी तारा शिकवायचं सुचवते. एक फुटाच्या दहा कामट्या घ्या. पाच कामट्यांची एक चपटी चांदणी, अशा दोन. दोन्ही एकावर एक ठेवून पाच टोकं सुतळीने बांधा. मग आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी तीन-तीन इंचांचे तुकडे उभे अडकवा. चांदणी फुगून तारा होतो. वर खळीने पतंगाचा कागद. वेंगुर्ला, मालवणकडच्या शाळांत दोन्ही घरची मुलं असतात. दिवाळीला आणि नाताळला वर्गात एकाच हातचे तारे लागावेत.

सण कोणाचे धरायचे, हा प्रश्न पुढ्यात येतोच. उत्तर पटावर आहे. किनाऱ्याच्या पुष्कळ गावांत कोकणी मुसलमान घरं आहेत, बौद्ध वाडी आहे, आणि आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं आता आपल्या शाळांत शिकतात. नेपाळी मुलांच्या घरी दसऱ्याला दही-तांदळाचा टिळा लावतात आणि तिहारला, म्हणजे त्यांच्या दिवाळीला, दारोदार गाणी म्हणतात. त्यांच्या आईला बोलवून एक गाणं शिकलं तर शाळेची दिवाळी वाढते. ईदला कागद घड्या घालून कापायची जाळी छान होते, भूमितीही येते. काही घरांत माणसांची, प्राण्यांची चित्रं काढणं चालत नाही, तेव्हा आधी पालकांशी बोलावं आणि त्या मुलाला नक्षीचं काम द्यावं. १४ एप्रिलच्या जयंतीआधी २० मार्च येतो. १९२७ मध्ये याच दिवशी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी प्यायलं. त्या आठवड्यात मुलांनी आपल्या गावातल्या विहिरी, पाणवठे यांचा नकाशा काढावा आणि पूर्वी कोण कुठे पाणी भरायचं हे म्हाताऱ्या माणसांना विचारावं. काही घरांत उत्तर द्यायला संकोच होईल. तरी विचारावं.

हिवाळा: चित्रांची पोथी आणि नाटक

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या जिवंत ठेवल्या आहेत. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला. जमत असेल तर सहल तिकडेच काढा.

चित्रकथीत गोष्टीचा एकेक प्रसंग एका कागदावर रंगवलेला असतो, कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात, आणि सांगणारा वाद्यावर गोष्ट सांगत चित्रं बदलत जातो. अशा संचाला पोथी म्हणतात. शाळेची पोथी बारा चित्रांची करा. गोष्ट मात्र गावातली घ्या: पहिल्यांदा एसटी आली तो दिवस, वादळात अडकलेली होडी, विहीर खणली तेव्हाची हकिकत. जूनच्या वहीतल्या एखाद्या आजोबांकडून ती ऐकायची, बारा तुकडे करायचे, एका चित्राला दोन मुलं. एका बाजूला रंगवून, तांदळाच्या खळीने पाठीला पाठ चिकटवून, वर वजन ठेवून रात्रभर दाबायचे. सांगताना टाळ पुरे. वर्गात उभं राहून न बोलणारी मुलंही हातात चित्र असलं की बोलतात.

नाटकासाठी दशावतार या लोकनाट्याकडून एकच गोष्ट उचला: तिथे संवाद लिहिलेले नसतात. नटाला कथा माहीत असते आणि तो रंगमंचावर उत्स्फूर्त बोलतो. मुलांनाही प्रसंग द्या, वाक्यं देऊ नका. ‘तू सावकार, तुझी होडी हरवली, आणि हा सांगायला घाबरतोय.’ पहिल्या दोन तालमींत गोंधळ होईल, तिसऱ्यात मुलं मालवणीत, संगमेश्वरीत, घरच्या बोलीत बोलायला लागतील. बोली सुधारायची नाही.

मुखवट्यांसाठी वर्तमानपत्राचा लगदा. कागद फाडून दोन दिवस भिजवा, कुटा, पिळा, त्यात मेथीची पूड आणि खळ मिसळा. पालथ्या वाडग्याला तेलाचा हात लावून त्यावर अर्धा सेंटिमीटर थर द्यायचा. डिसेंबरच्या उन्हात चार दिवसांत सुटतो. पावसात हा उद्योग करू नका.

भिंत रंगवायची असेल तर एक विनंती. राज्यातल्या असंख्य शाळांच्या भिंतींवर आज वारली चित्रं दिसतात. वारली ही डहाणू, तलासरी, जव्हारकडची, लग्नाच्या चौकाशी आणि पालघाट देवीशी जोडलेली कला आहे. पालघरमधल्या शाळेत ती घरचीच आहे, तिथे गावातल्या बायांनाच बोलवा. दक्षिणेकडे मात्र नुसती नक्कल उतरवण्याऐवजी आपल्या पोथीतला एखादा प्रसंग भिंतीवर यावा.

शिमगा

फाल्गुनात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी फिरते, नमन-खेळ्यांचे लोकनाट्याचे खेळ रंगतात, त्यांतलं संकासुराचं सोंग येतं. मुलांचं अर्धं लक्ष तिकडेच असतं, तेव्हा शाळेने त्यात सामील व्हावं. ढोलाचा ठेका आधी टाळ्यांनी, मग बाकावर, मग खऱ्या ढोलावर. जाखडीची पावलं गोलात उभं राहून एखाद्या जाणत्याकडून. संकासुराचा काळा वेश आणि उंच टोपी लहान मुलांना घाबरवते, म्हणून नट आधी साध्या कपड्यांत येऊ दे आणि मुलांसमोरच वेश चढवू दे.

शाळेची पुठ्ठ्याची पालखी केली तर ती सगळ्या वाड्यांच्या मुलामुलींनी आळीपाळीने खांद्यावर घ्यावी. गावच्या पालखीचे मान कोणाचेही असोत, शाळेत मान ठरवताना वाडी बघायची नाही. मुलींनी ढोल वाजवावा. यावर कोणी कुरकुर केली तर शिक्षकाने ठाम राहायचं.

मांडणी, बक्षिसं, पैसे

चौथीपर्यंत पहिला-दुसरा क्रमांक काढू नका. प्रत्येक कामाखाली मुलाचं नाव आणि त्याने स्वतः सांगितलेलं एक वाक्य लिहा. शिक्षकाने मुलाच्या चित्रावर रेघ ओढायची नाही, ‘सुधारण्या’साठीसुद्धा नाही. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो टाकताना हातातलं काम दिसेल असा घ्या, आणि सगळ्या मुलांचे टाका.

पैशांचा बोजा फार पडत नाही. कारागिरांचा मोबदला, माती आणि सहलीचं भाडं हेच मोठे खर्च. ते बैठकीत ठरवून हिशेब फळ्यावर लावा. मुंबईकर चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात आणि शाळेला काही द्यायला उत्सुक असतात. त्यांना टीव्ही, साउंडबॉक्स देण्याऐवजी कात्र्या, कार्डशीट आणि ढोल द्यायला सांगा.

एप्रिल

परीक्षेनंतरच्या दिवसांत सगळी कामं बाहेर काढा. मुलांनी आपलं एक निवडून घरी न्यायचं, एक शाळेला द्यायचं. पोथी आणि माटोळीची कार्डं कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला. शिंपले धुऊन गोणीत. रंगाच्या बरण्यांवर महिना लिहून ठेवा. मे महिन्यात बदल्या होतात, म्हणून जूनची ती चार रकान्यांची वही, फोन नंबरांसह, समितीच्या अध्यक्षांकडे लिहून सुपूर्द करा, आणि नव्या शिक्षकांना ती पहिल्याच दिवशी मिळेल असं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.